तारांमागचे दात फोनला दिसतात का?

आठवी-नववीच्या वर्गात आता एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या दातांवर तारा चमकताना दिसतात. पूर्वी हे दृश्य पुण्या-मुंबईच्या शाळांपुरते होते. आता तालुक्याच्या आणि मोठ्या खेड्यांच्या शाळांतही त्याचे फारसे नवल उरलेले नाही. तारा बसवल्या की डॉक्टर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवतात, सूचनांचा एक कागद देतात आणि अलीकडे कधीकधी आणखी एक गोष्ट सांगतात : ‘फोनवर अमुक अ‍ॅप घ्या, मुलाला सवय लागेल.’ अशा अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचे घड्याळ असते, गाणे असते, ब्रश केल्याबद्दल पदके असतात, रात्री झोपण्यापूर्वी वाजणारी घंटा असते. महागड्या प्रकारात ब्रशच फोनला जोडलेला असतो. काहींत दातांचा फोटो काढला की ‘इथे किटण राहिले आहे’ असे फोनच सांगतो.

या साधनांची जाहिरात बहुधा ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ या शब्दांनी होते. काय सिद्ध झाले, कोणाच्या तोंडात, किती दिवसांत आणि कशाने मोजून, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ही साधने जे मोजायला सोपे ते मोजतात. तारा लावलेल्या दाताचे नुकसान मात्र मोजायला अवघड अशा जागी आणि अशा रीतीने होते. आणि जिथे त्यांचा उपयोग झालेला दिसतो, तिथे फोनपेक्षा फोनच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा वाटा मोठा असावा, असा आम्हाला दाट संशय आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर धरू : आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना. (बीड आणि वर्धा जिल्ह्यांतही आष्टी आहे, ती ही नव्हे.) इथल्या चौदा वर्षांच्या एका मुलीला तारा बसवल्या आहेत अशी कल्पना करू. त्यासाठी तिला बहुधा परतूरहून रेल्वेने किंवा एसटीने जालना गाठावे लागेल, नाहीतर आणखी पुढे छत्रपती संभाजीनगर. तिथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, खाजगी दवाखाने आहेत. उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतो, आणि चार ते सहा आठवड्यांनी तार बदलायला किंवा आवळायला जावे लागते. प्रत्येक खेपेला तिची शाळा बुडते आणि आईची किंवा वडिलांची एका दिवसाची मजुरी. दोन खेपांच्या मधल्या काळात तिच्या दातांकडे जाणकार नजरेने कोणी पाहत नाही. नेमकी ही मधली जागा भरून काढू, असे अ‍ॅप म्हणते.

किटण, आम्ल आणि चार आठवडे

दातावर जो मऊ, पांढरट-पिवळसर थर साचतो त्याला आपण किटण म्हणतो. तो नुसता अन्नाचा चोथा नसतो. जिवाणूंची ती दाट वसाहत असते. साखर मिळाली की हे जिवाणू आम्ल तयार करतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात किटणाचा सामू प्रत्यक्ष मोजला. साखरेचे पाणी तोंडात फिरवल्यावर काही मिनिटांतच सामू खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो, असे त्याला आढळले. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. पुढे लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेल्या खनिजाचा काही भाग परत बसवते. ही देवघेव आपल्या सर्वांच्या तोंडात रोज चालू असते.

यातून वर्गात करण्याजोगे एक सोपे गणित निघते. दिवसातून पाच वेळा गोड चहा, बिस्किट किंवा गोळी तोंडात गेली, तर किटणाखालचा दात अडीच ते पाच तास आम्लात असतो. तेवढीच साखर एका बैठकीत खाल्ली तर हा काळ पुष्कळच कमी होतो. ‘किती गोड खाल्ले’ यापेक्षा ‘किती वेळा खाल्ले’ हा प्रश्न दातांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, आणि तो आम्ही पाहिलेल्या बहुतेक अ‍ॅपमध्ये विचारलाच जात नव्हता.

तारा लागल्या की देवघेवीचा तोल बिघडतो. प्रत्येक दाताच्या मध्यभागी एक ब्रॅकेट चिकटवलेला असतो, त्यातून तार गेलेली असते, त्यावर बारीक रबराचे कडे असते. ब्रश वरून फिरतो; ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधली अरुंद पट्टी राहून जाते. किटण तिथे सुखाने वाढते. आधी तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो. हा डाग म्हणजे पृष्ठभागाखालून खनिज निघून गेल्याची खूण. काळजी घेतली तर तो थांबतो, काहीसा फिका होतो. पण तारा काढल्यावर वर्षानुवर्षे राहिलेले डागही असतात. वाकडे दात सरळ झाले आणि त्यांवर चौकोनी ब्रॅकेटभोवतीची पांढरी चौकट उरली, असे व्हायला नको असेल तर ते उपचार चालू असतानाच रोखावे लागते.

हे किती जणांना होते? गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत, तारा लावलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या किमान एका दातावर असा डाग होता. तारा न लावलेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. आणि किती लवकर होते? नॉर्वेतले ओगार्ड आणि सहकारी यांनी १९८८ साली एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. दात सरळ करण्यासाठी ज्यांच्या दाढांपुढच्या उपदाढा काढायच्याच होत्या, अशा रुग्णांच्या त्या दातांवर त्यांनी मुद्दाम किटण साचेल अशा पट्ट्या बसवल्या. चार आठवड्यांत डोळ्यांना दिसतील असे डाग तयार झाले. प्रत्येक मुलाच्या तोंडात इतक्या झपाट्याने होते असा याचा अर्थ नाही. तो प्रयोग वाईटात वाईट परिस्थितीचा होता. पण हा आकडा आष्टीच्या मुलीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. डाग पडायला पुरेसा असलेला काळ आणि डॉक्टरांच्या दोन भेटींमधला काळ जवळपास सारखाच आहे. ऊसतोडीमुळे, परीक्षेमुळे किंवा पैशाच्या अडचणीमुळे एक खेप चुकली तर तो दुप्पट होतो.

ओला दात आणि कोरडा दात

मग फोटो काढून डाग लवकर ओळखता येईल का? इथे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आडवा येतो. अ‍ॅपच्या जाहिरातीत तो आम्हाला कुठे दिसला नाही.

खनिज निघून गेलेल्या जागी एनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रे उरतात. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १.००. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोन्हींच्या अपवर्तनांकांत जितका फरक, तितका तो जास्त विखुरतो. छिद्रांत लाळेचे पाणी असेल तर फरक कमी, विखुरणे कमी, आणि डाग जवळपास अदृश्य. दात कोरडा केला की छिद्रांत हवा शिरते, फरक वाढतो, आणि डाग पांढरा उमटतो. म्हणूनच दंतवैद्य दात तपासताना त्यावर हवेचा झोत सोडतात. अगदी सुरुवातीचा डाग फक्त कोरड्या दातावर दिसतो. ओल्या दातावरही दिसू लागला म्हणजे नुकसान एक पायरी पुढे गेलेले असते.

याचे प्रात्यक्षिक वर्गात दोन मिनिटांत होते. भजी बांधून आणलेला कागद घ्या. तेल लागलेली जागा प्रकाशासमोर धरली की अर्धपारदर्शक दिसते, कोरडी जागा पांढरी. कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतली, एवढाच काय तो फरक. दाताच्या बाबतीत तेलाचे काम लाळ करते.

आता फोनचा फोटो कसा काढला जातो ते आठवा. ब्रश करून, चूळ भरून, ओल्या तोंडाने, न्हाणीघरातल्या दिव्याखाली. म्हणजे ज्या अवस्थेत पहिला डाग दिसत नाही नेमक्या त्याच अवस्थेत. अशा फोटोवर कितीही हुशार संगणक बसवला, तरी फोटोत न उतरलेली गोष्ट तो शोधून काढू शकत नाही. उलट ‘छान! सर्व स्वच्छ!’ असा शेरा मिळाला की मुलगी आणि तिची आई दोघीही निश्चिंत होतील. खोटा धीर देणारे साधन, साधन नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. किटण ओळखण्यापुरता फोटोचा उपयोग होईल, विशेषतः किटण आधी रंगवून घेतले असेल तर. ते डाग ओळखण्याइतके अवघड नाही. पण किटण ओळखणे आणि डाग ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या सर्रास एकत्र केल्या जातात.

मराठवाड्यासाठी यात आणखी एक गुंता आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे हे पुष्कळांना माहीत असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत जालन्याचेही नाव आलेले आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम. लहानपणी याहून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर पांढरे पट्टे, ठिपके, पुढे तपकिरी डाग येतात. फोटोत हे डाग आणि तारांमुळे पडलेले डाग दोन्ही पांढरेच दिसणार. जाणकार माणूस फरक ओळखतो : फ्लोराइडचे डाग दाताबरोबरच उगवतात, डाव्या-उजव्या दातांवर सारखे असतात, पृष्ठभागभर पसरतात; तारांचे डाग ब्रॅकेटच्या कडेला, हिरडीजवळ असतात. पण ज्या संगणकाला युरोप-अमेरिकेतल्या तोंडांचे फोटो दाखवून शिकवले असेल, त्याने परतूर तालुक्यातल्या दातांविषयी काय निष्कर्ष काढावा? कोणत्याही अ‍ॅपविषयी हा प्रश्न विचारायला हवा : याने शिकताना आमच्यासारखे दात पाहिले होते का?

याच संदर्भात एक गैरसमज दूर करू. ‘आमच्या पाण्यात आधीच फ्लोराइड आहे, मग फ्लोराइडची पेस्ट नको’ असे पालक म्हणतात. एनॅमलवर फ्लोराइडचे डाग पडतात ते दात जबड्यात घडत असताना. पुढच्या दातांचे हे घडणे सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत संपलेले असते. चौदा वर्षांच्या मुलीने फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून थुंकून टाकले तर तिच्या दातांवर नवे डाग येत नाहीत. उलट गेलेले खनिज परत बसायला मदत होते. तारा असताना तर ही पेस्ट सोडू नये. राखुंडी आणि मिसरी यांचा तारांच्या दातांना काही उपयोग नाही. बोट ब्रॅकेटच्या मागे पोचत नाही, आणि मिसरी तर तंबाखूच आहे.

कोणी काय मोजले

आता पुराव्याकडे वळू. असा पुरावा मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

ब्रश करताना दोन मिनिटे गाणे वाजवणाऱ्या ‘ब्रश डीजे’ या इंग्लंडमधल्या अ‍ॅपची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. प्रश्नावली भरून देणाऱ्या १८९ जणांपैकी ७० टक्के लोकांनी दात जास्त स्वच्छ वाटतात असे सांगितले. ‘वाटतात’ हा शब्द इथे महत्त्वाचा. दात कोणी तपासले नव्हते, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि अ‍ॅप कंटाळून काढून टाकणारे लोक प्रश्नावली भरत नाहीत. हा पुरावा आवडीचा झाला, परिणामाचा नव्हे. विज्ञानाच्या तासाला ‘मत आणि मापन’ शिकवायचे असेल तर याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्याहून पुष्कळ चांगला प्रयोग नेदरलँडमध्ये जानेके स्खेरमन आणि सहकाऱ्यांनी केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. ‘व्हाइटटीथ’ नावाचे अ‍ॅप खास तारा लावलेल्या मुलांसाठी, वर्तनशास्त्राचा आधार घेऊन बनवलेले. १३२ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला नेहमीची काळजी, दुसऱ्याला नेहमीची काळजी आणि अ‍ॅप. सहा आठवड्यांनी अ‍ॅपच्या गटात हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण अधिक घटलेले आढळले आणि फ्लोराइडच्या पाण्याने चूळ भरण्याचे वाढलेले. बारा आठवड्यांनी किटण दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले. काम काळजीपूर्वक केलेले आहे. पण दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली, फरक दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या मापांत दिसला. दुसरी, बारा आठवडे म्हणजे दोन वर्षांच्या उपचाराचा आठवा हिस्सा. नव्या वहीची पहिली पाने सगळेच सुवाच्य लिहितात.

आणि नेहमीची काळजी विरुद्ध नेहमीची काळजी अधिक अ‍ॅप, ही तुलना अ‍ॅपला थोडी झुकते माप देते. आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे कळले की माणूस नीट वागू लागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून याला ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हणतात. शिक्षकांना तो तपासणीच्या दिवशीच्या वर्गावरून ठाऊक असतोच. खरी परीक्षा घ्यायची तर दुसऱ्या गटाला अ‍ॅपऐवजी तेवढेच लक्ष द्यायला हवे : आठवड्याला परिचारिकेचा एक फोन, किंवा भिंतीवर लावलेला तक्ता आणि त्यावर आईची सही. तसे केल्यावरही अ‍ॅप वरचढ ठरले, तर ते श्रेय फोनचे.

आमचा संशय बळावतो तो पुढच्या दोन प्रयोगांमुळे. इटलीत झोत्ती आणि सहकाऱ्यांनी (२०१६) तारा लावलेल्या ८० किशोरवयीन मुलांपैकी निम्म्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, त्यांनी आपल्या दातांचे फोटो ठरल्याप्रमाणे गटावर टाकायचे आणि आपसांत स्पर्धा करायची. हा प्रयोग वर्षभर चालला. सहाव्या महिन्यापासून या मुलांच्या दातांवर किटण कमी होते, हिरड्या बऱ्या होत्या, आणि नवे पांढरे डागही कमी होते. खास अ‍ॅप नाही, पदके नाहीत, संगणकाची हुशारी नाही. फक्त एकमेकांना पाहणारी मुले. अमेरिकेतल्या एप्राइट आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग तर आणखी साधा. त्यांनी मुलांच्या पालकांना आठवड्यातून एक लघुसंदेश पाठवला. तेवढ्याने मुलांच्या हिरड्या आणि किटण दोन्हींत सुधारणा दिसली. दोन्ही प्रयोग लहान आहेत, त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही यादीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी ‘डिजिटल’ उपाय टिकाऊपणात मागे पडत नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

फोन कोणाचा, यादी कोणाची

अ‍ॅप बनवणारे गृहीत धरतात की मुलाच्या खिशात फोन आहे. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाला याविषयी विचारले होते; देशभरातल्या २८ जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नांदेडचा समावेश होता. ज्यांना स्मार्टफोन वापरता येत होता त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के होत्या. म्हणजे आष्टीच्या आपल्या मुलीकडे स्वतःचा फोन नसण्याचीच शक्यता जास्त. रात्रीची घंटा वाजेल ती वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात, आणि तो कदाचित रानात पाणी द्यायला गेलेला असेल. याउलट आईच्या साध्या फोनवर येणारा मराठी संदेश घरात पोचतो. एप्राइट यांनी पालकांना संदेश पाठवला हा तपशील आम्हाला म्हणूनच मोलाचा वाटतो.

दुसरे गृहीत जेवणाचे. ब्रॅकेट निखळू नये म्हणून काय खाऊ नये याच्या याद्या या अ‍ॅपमध्ये असतात. आम्ही पाहिलेल्या याद्यांत पॉपकॉर्न, कॅरमेल, बर्फ आणि बेगल नावाचा पाव होता. बेगल आष्टीत मिळत नाही. मिळतो तो ऊस, आणि दाताने सोललेला ऊस ब्रॅकेटचा पक्का वैरी. फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, कडक झालेली भाकरी, दाताने ओरबाडलेले कणीस, बिया असलेली बोरे यांचा उल्लेख कुठेच नव्हता. हुरडा मऊ असतो, पण दाणे तारांत अडकतात. तो बंद करू नये, खाऊन झाल्यावर चूळ भरून ब्रश करावा. मोसंबी हे तर जालन्याचे फळ. फोड खायला हरकत नाही. रसात साखर घालून दिवसभर घोट घोट पिणे मात्र वर सांगितलेल्या सामूच्या गणितात बसत नाही. पेरू कापून खाल्ला तर चालतो. ही यादी कोणत्याही परदेशी कंपनीपेक्षा आष्टीच्या सहावीतल्या मुलांना चांगली करता येईल.

तिसरे गृहीत पाण्याचे. ‘प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करा’ असा संदेश दुपारी दीडला येतो. एप्रिलमध्ये ज्या शाळेत टँकरचे पाणी येते तिथे त्याचा काय उपयोग? अशा वेळी निदान एक पेला पाणी तोंडात जोराने खळखळवून टाकणे आणि रात्रीचा ब्रश सावकाश, आरशासमोर, दोन दातांमध्ये जाणाऱ्या बारीक ब्रशासह करणे, हा व्यवहार्य क्रम आहे. दोन मिनिटांच्या घड्याळाविषयीही एक शब्द. तारा नसलेल्या दातांसाठी सांगितलेला हा वेळ तारा असताना पुष्कळदा अपुरा पडतो, आणि ब्रश कुठे फिरला हे घड्याळाला कळतच नाही. दोन मिनिटे एकाच गालाकडचे दात घासणाऱ्यालाही पदक मिळते.

सरकारी साधनांचेही पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि दिल्लीची एम्स यांनी २०१९ साली ‘ई-दंतसेवा’ हे संकेतस्थळ आणि अ‍ॅप सुरू केले. मौखिक आजारांची माहिती आणि जवळचे सरकारी दंतोपचार केंद्र कुठे आहे हे सांगणे, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगला, पण तारांची रोजची निगा हा त्याचा विषय नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा किडलेले दात पाहते. त्या दिवशी तारा असलेल्या मुलांचे दात कापसाने टिपून, कोरडे करून पाहायला शिक्षकांनी पथकाला जरूर सांगावे. वर्षातून एकदाच का होईना, ती जाणकार नजर असते.

फोटोंबाबत एक सावधगिरी. इटलीतल्यासारखा गट कोणाला करावासा वाटला तर त्यात दवाखान्यातले कोणी तरी असावे, आणि फोटो फक्त दातांचा असावा, चेहऱ्याचा नको. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. फुकट मिळणारे अ‍ॅप मुलांचे फोटो कुठे साठवते हे आम्ही शोधायला गेलो तेव्हा उत्तर कित्येक पाने लांब, इंग्रजी आणि संदिग्ध होते.

वर्गातला रंग

अ‍ॅप नसेल तर काय, असे कोणी विचारील. किटण रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या दंतवैद्यांकडे किंवा त्यांच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. त्या न मिळाल्यास खाण्याचा लाल रंग थोड्या पाण्यात कालवून, कापसाच्या बोळ्याने पुढच्या दातांना लावता येतो. ओठांना आधी थोडे तूप किंवा व्हॅसलिन लावावे, जुना सदरा घालावा, आणि कोणाला खाण्याच्या रंगाची अ‍ॅलर्जी नाही याची खात्री पालकांकडून करून घ्यावी. एक चूळ भरली की स्वच्छ एनॅमलवरचा रंग निघून जातो, किटणावरचा राहतो. आरशात पाहून प्रत्येकाने आपल्या दातांची आकृती काढायची आणि रंग राहिलेली जागा त्यावर छायांकित करायची. मग ब्रश करून पुन्हा पाहायचे. ब्रश सरळ धरला तर ब्रॅकेटच्या वरची पट्टी तशीच लाल राहते. केस हिरडीकडे तिरपे वळवले की ती निघते. हा फरक डोळ्यांनी पाहिलेला मुलगा रात्री कोणी आठवण केली नाही तरी ब्रश तिरपा धरण्याची शक्यता जास्त.

आठवड्यातून एकदा घरी हेच करून काढलेल्या आकृत्या मुलीने वहीत तारखेसह ठेवाव्यात आणि पुढच्या खेपेला जालन्याला जाताना ती वही बरोबर न्यावी. चार आठवड्यांत कोणती जागा वारंवार लाल राहिली हे डॉक्टरांना एका नजरेत कळेल. बहुधा वरच्या सुळ्यांशेजारचे दोन दात असतील. डागही तिथेच जास्त पडतात. तारा असलेल्या मुलांना मात्र हा प्रयोग वर्गासमोर उभे करून करायला लावू नये. सगळ्या वर्गाने एकत्र करावा. तारा नसलेल्यांचे दातही पुष्कळ लाल निघतात.